पेजबाईंच्या टाचण्या

मार्था पेज ऑफिसात आल्या तेव्हा शशीमामा कॉफीच्या मशीनशी भांडत होता. मशीनमधून नुसतंच गरम पाणी येत होतं आणि मामाच्या मते यात सगळी चूक मशीनचीच होती.

अमेरिकेतल्या कॅरी गावी, एका शॉपिंग प्लाझात, दातांचा दवाखाना आणि नेल सलून यांच्या मधोमध आश्लेषाचं ऑफिस होतं. खाजगी तपासनीस म्हणून तिच्याकडे रीतसर लायसन्स होतं. इन्शुरन्सचे खोटे क्लेम पकडण्यात तिचा आठवडा जायचा. शशिकांतमामा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आला होता, आणि घरात टीव्हीपुढे बसण्यापेक्षा भाचीच्या मागे मागे हिंडणं त्याला पसंत होतं. "मी तुझा असिस्टंट," असं त्यानेच जाहीर करून टाकलं होतं. पगार नाही आणि कामही नाही, फक्त प्रश्न विचारायचे.

त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. आडनाव काय? आडनाव कळलं की मामा समोरच्याचं गाव, कुलदैवत आणि निदान एक तरी ओळखीचा नातेवाईक काढून दाखवायचा. अमेरिकेत या विद्येला फारसं गिऱ्हाईक नव्हतं, पण सवय जाते थोडीच!

"सरनेम?" त्याने पेजबाईंनाही विचारलंच.

"पेज. पी, ए, जी, ई."

"पेज!" मामा मराठीत पुटपुटला. "आमच्याकडे ताप आला की देतात ती."

"मामा, तू गप्प बस जरा," आश्लेषा म्हणाली आणि तिने बाईंना खुर्ची दिली.

सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, ताठ बसणाऱ्या बाई. बोलणं स्पष्ट, पण हात पर्सवर घट्ट दाबून धरलेले.

"माझ्या नकाशातल्या टाचण्या कोणीतरी काढल्या आहेत," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी लॉरा म्हणते, मीच काढल्या आणि विसरले. मी विसरलेली नाही. तेवढं सिद्ध करून द्या."

मामाला वाटलं, टाचण्यांसाठी डिटेक्टिव्ह? पण आश्लेषा पुढे सरकून बसली होती.

हकिगत अशी होती. जगात जिथे जिथे पेज आडनावाची माणसं राहतात, तिथली माहिती मार्थाबाई वर्षानुवर्षं गोळा करत होत्या. एका मोठ्या कापडी नकाशावर त्यांनी गावोगावच्या टाचण्या लावल्या होत्या. इथल्या कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये शनिवारी त्याचं प्रदर्शन मांडलं. आज रविवारी सकाळी जाऊन बघतात, तर हिंदुस्थानातल्या काही टाचण्या गायब. त्या सगळ्या खालच्या टेबलावर, एका कागदात ठेवलेल्या.

"हा बघा तो कागद. मला काही केल्या उघडेना. शेवटी कोपरा फाडला." त्यांनी पर्समधून एक छोटीशी पांढरी घडी काढली.

"अहो, फाडायचं काय त्यात!" मामाने ती घेतली, एक टोक बाहेर ओढलं, आणि कागद अलगद उलगडला. आत रंगीत डोक्यांच्या टाचण्या होत्या. मामाने त्या पाहिल्या आणि परत तशीच घडी घालून टोक आत खोचलं.

आश्लेषा टाचण्यांकडे नाही, मामाच्या बोटांकडे बघत होती.

"पण एवढा खटाटोप कशासाठी, बाई?" मामाने विचारलं. "जगातल्या सगळ्या पेज लोकांचं तुम्हाला करायचं काय?"

"सगळ्यांचं नाही. मला एकच हवा आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "त्याचे आभार मानायचे राहिलेत."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी. त्या तेव्हा मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होत्या. नवरा ओहायोत वादळात अडकलेला, फोन बंद, बाहेर बर्फाचा कहर, आणि वेळेआधीच कळा सुरू झाल्या. त्या कशाबशा रस्त्यापर्यंत आल्या. एक खटारा गाडी थांबली. चालवणाऱ्याने टोपी नि मफलर इतके लपेटले होते की डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. त्याने त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी हाणली.

"तो काय बोलत होता, आठवतं?" आश्लेषाने विचारलं.

"अर्धवट शुद्धीत होते मी. पण सारखा 'बाय, बाय' म्हणत होता, एवढं पक्कं आठवतं. खूप मायेनं म्हणत होता. आणि मला असा राग येत होता! मी मेले नाहीये अजून, बाय काय म्हणतोस? त्या रागानेच मी जागी राहिले असणार."

मामाला हसू आलं, पण बाईंचे डोळे भरलेले पाहून त्याने ते गिळलं.

"ऑपरेशन करावं लागलं. लॉरा जन्मली. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, तुमचे मिस्टर किती काळजीत होते हो! मिस्टर तर ओहायोत. चौकशी केली तेव्हा कळलं, नर्सने त्या माणसाचं लायसन्स पाहिलं होतं. त्यावर आडनाव पेज, म्हणून सगळ्यांनी त्याला माझा नवराच धरलं. तोवर तो निघूनही गेला होता. तेव्हापासून शोधते आहे."

"आणि आता?"

"लॉराचं म्हणणं, पेज नावाचा असा माणूस नव्हताच. नर्सने 'मिस्टर पेज?' म्हणून विचारलं असेल आणि कोणीतरी मान हलवली असेल. आता या टाचण्यांमुळे तर तिची खात्रीच झाली की माझं डोकं ठिकाणावर नाही. प्रदर्शन संपलं की नकाशा गुंडाळायचा, शोध बंद, आणि मला केअर होममध्ये ठेवायचं असं ठरवलंय तिने. वाईट मुलगी नाही हो ती. घाबरली आहे."

आश्लेषा उठली आणि तिने गाडीची किल्ली घेतली.

कम्युनिटी सेंटर मामाच्या ओळखीचं होतं. त्याच हॉलशेजारच्या खोलीत दर रविवारी मराठी शाळा भरायची. कॉरिडॉरमध्येच अनिलकाका भेटले. पांढऱ्या मिशांचे, सत्तरीचे, सदा हसतमुख. काका आणि शुभाकाकू मिळून शाळा चालवायचे. पहिल्याच रविवारी मामाने त्यांना आडनाव विचारलं होतं, तर "इथे मी नुसता अनिल. आडनावबिडनाव सोडा, चहा घ्या," म्हणत त्यांनी कप हातात दिला होता. मामाला ते जरा लागलंच होतं.

"या शशिकांतराव! मुलांना 'ळ' शिकवतोय, मदत करा," काका म्हणाले. "एक पोरगं 'बाळ'ला 'बाल' म्हणतंय, दुसरं 'बार'!"

"आज ड्यूटीवर आहे," मामा ऐटीत म्हणाला. "या हॉलमधल्या नकाशाचं काम आहे. पाहिलात का तुम्ही?"

"कुठलं! नकाशे म्हणजे माझा जीव की प्राण. पण शुभा कालपासून तिकडे फिरकूच देत नाहीये. धूळ आहे म्हणते, तुम्हाला खोकला होईल. अहो, मिशिगनच्या बर्फात गाडी शिकलेला माणूस मी, मला धुळीचं काय!"

आतून कोणीतरी "काका, ही पुल्ड माय हेअर!" म्हणून ओरडलं आणि ते लगबगीने गेले.

हॉलमध्ये नकाशा अख्ख्या भिंतीवर पसरला होता. नुसती जमीन आणि समुद्र. देशांच्या, राज्यांच्या रेषा नव्हत्या आणि गावांची नावंही नव्हती. इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक, नॉरफोक, एसेक्स, केंटमध्ये टाचण्यांची नुसती गर्दी. तिथून त्या व्हर्जिनियात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या. शेजारी एक पाटी होती. मामाने ती मोठ्याने वाचली.

"'अठ्ठ्याहत्तर सालच्या बर्फाच्या वादळात ट्रॉय इथे मला हॉस्पिटलमध्ये नेणाऱ्या मिस्टर पेज यांच्या शोधात आहे. त्या दिवशी जे घडलं, त्याबद्दल मला त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं आहे.' अरे बापा! ही तर पोलीस ठाण्यातली नोटीस वाटते."

"आभार पाटीवर लिहायचे नसतात," मार्थाबाई म्हणाल्या. "ते तोंडानेच मानायचे."

आश्लेषा हिंदुस्थानच्या भागापाशी नाक लावून उभी होती. टाचण्या गेल्या होत्या, पण कापडावर भोकं राहिली होती.

"मामा, कुठल्या गेल्यात सांग बरं."

"ही मुंबई. हे पुणं. ही सांगली असावी." मामाचं बोट उजवीकडे सरकत गेलं आणि तो ओरडलाच. "आणि हे नागपूर! आमचं नागपूरसुद्धा सोडलं नाही मेल्याने!"

"आणि राहिल्या कुठल्या?"

"मुंबईच्या वर ही सुरत दिसते. खाली हैदराबाद, बंगळूर. तिकडे कोलकाता."

एवढ्यात रॉजर पेज आले. मार्थाबाईंच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, बो टाय लावलेले. तेही आडनावाचे अभ्यासक, आणि हॉलची एक किल्ली त्यांच्याकडे. मामाने मनातल्या मनात त्यांना तिथेच बेड्या घातल्या.

"पेज म्हणजे सरदाराच्या वाड्यातला हुजऱ्या," रॉजर उत्साहाने सांगू लागले. "पोरवयात चाकरीला लागायचा. फ्रेंचांबरोबर हा शब्द इंग्लंडात आला आणि पुढे त्याचं आडनाव झालं. नम्र सुरुवात, पण पसारा बघा!"

"हिंदुस्थानातल्या टाचण्या तुम्हाला खटकत होत्या का?" आश्लेषाने विचारलं.

"खटकत? अहो, आज दुपारचं माझं भाषणच त्यावर आहे! ईस्ट इंडिया कंपनीबरोबर गेलेल्या पेज घराण्याचे वंशज. पश्चिम हिंदुस्थानात एवढे सापडले की मी थक्क झालो. आता भाषणात काय दाखवू? भोकं?"

लॉरा कोपऱ्यात खुर्च्या लावत होती. पंचेचाळिशी उलटलेली, थकलेल्या चेहऱ्याची बाई.

"मी कशाला काढू?" ती म्हणाली. "तो नकाशा मला नको आहे, हे खरं. पण काढायचा असता तर अख्खा उतरवला असता. आईचा चष्मा त्या टेबलावरच होता. तिनेच काढल्या. वाईट वाटतं, पण तसंच आहे."

"तुमच्या आईला वाचवणारा माणूस होता, असं तुम्हाला वाटत नाही?"

"आयुष्यभर मी त्या माणसाची गोष्ट ऐकली. माझ्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी त्याचं नाव निघायचं. लहानपणी खरा वाटायचा. आता वाटतं, आईला कोणाचे तरी आभार मानायला हवे होते, म्हणून तिने तो बनवला."

शुभाकाकू मुलांसाठी लाडू घेऊन कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. आश्लेषाने त्यांना गाठलं.

"काकू, काल संध्याकाळी तुम्ही खोली लावायला आला होतात ना? हॉलचं मधलं दार उघडं होतं?"

"असेल बाई. आम्ही आपले आमच्या कामात." काकूंनी लाडवांचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आणि टाचण्या काढल्या तर काढल्या कोणीतरी. काही फेकून तर दिल्या नाहीत ना!"

"तेच म्हणते मी. जपून ठेवल्यात."

काकू डबा घेऊन आत गेल्या. मामाने आश्लेषाची बाही ओढली.

"तो बो टायवालाच आहे, लिहून घे. भाषणाला गर्दी व्हावी म्हणून स्वतःच काढल्या आणि बोंब मारली."

"मामा, एक काम कर. सगळ्यांना नकाशापाशी बोलाव. शुभाकाकूंनाही."

"त्या कशाला? आपल्या माणसाला उगाच त्रास!"

"आपल्या आहेत म्हणूनच."

सगळे जमले. लॉरा हाताची घडी घालून उभी होती. मार्थाबाई खुर्चीत, रॉजर त्यांच्यामागे. काकू दाराशीच थांबल्या. आश्लेषा इंग्रजीत बोलत होती, पण मामाला तिचा शब्द न् शब्द समजत होता.

"आधी लॉरा, तुमच्यासाठी. या टाचण्या तुमच्या आईने काढल्या नाहीत." तिने ती कागदाची घडी पुढे केली. "ही उघडा."

लॉराने उलटसुलट करून पाहिली, नखाने खरवडली. जमेना.

"तुमच्या आईलाही जमली नाही. फाडावी लागली. जिला उघडता येत नाही, ती घडी घालील कशी? माझ्या मामाने मात्र ती न बघता उघडली आणि न बघता परत घातली. आम्ही याला पुडी म्हणतो. अंगारा, कुंकू, औषध, सगळं आम्ही असंच बांधतो. तुमच्याकडचा माणूस पाकीट शोधतो, नाहीतर प्लास्टिकची पिशवी."

मामा आपल्या बोटांकडे बघतच राहिला. एवढा मोठा पुरावा स्वतःच्या हातांत होता आणि त्याला पत्ता नाही!

"आता हा नकाशा. यावर रेषा नाहीत. तरी काढणाऱ्याने मुंबई काढली आणि जवळची सुरत ठेवली. हैदराबाद ठेवलं आणि पार लांबचं नागपूर काढलं. आमचं राज्य, महाराष्ट्र, नेमकं तेवढंच काढलं. ज्याला ते डोळे मिटून आखता येतं, असा माणूस. म्हणजे रॉजर नाहीत. शिवाय त्यांचं भाषणच बुडतंय."

"पण का?" रॉजरना राहवेना. "आमच्या पेज लोकांशी तुमच्या राज्याचं वैर काय?"

आश्लेषाने एका कोऱ्या कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली आणि मामापुढे धरली.

"मामा, हे आडनाव समज इथे नाही, नागपुरात एखाद्या दारावर पाहिलंस. वाच."

"पी, ए, जी, ई." मामा थबकला. मग त्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा! पागे! धंतोलीत आमच्या मागच्या गल्लीत पागेच राहायचे!"

"रॉजर, माफ करा. ते कंपनीबरोबर गेलेले पेज नाहीत. ते मूळचेच पागे. पागा म्हणजे घोडदळाचा तबेला, त्यावरून. तुमचे सरदाराच्या दारात, आमचे सरदाराच्या घोड्यांपाशी. एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त इंग्रजी स्पेलिंग एक."

रॉजर खुर्चीत बसले. मार्थाबाई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या लक्षात येत होतं.

"मार्था, तुम्ही एवढी वर्षं इंग्लंड पालथं घातलंत. तुमचा माणूस इंग्रज नव्हताच. आणि तो तुम्हाला निरोप देत नव्हता. अनोळखी स्त्रीला आम्ही मानाने 'बाई' म्हणतो. बर्फात गाडी हाकताना घाबरून तो आपल्या भाषेत बोलत होता. आलंच बाई, पोचलोच बाई."

मार्थाबाईंनी तोंडावर हात दाबला. लॉराचे घडी घातलेले हात सुटले.

"महाराष्ट्राच्या टाचण्या काढायचं कारण एकच असू शकतं. तुमचा शोध तिकडे वळू नये. म्हणजे काढणाऱ्याला तो माणूस कोण ते माहीत आहे. शेजारच्या खोलीत एक गृहस्थ आहेत. गाडी मिशिगनच्या बर्फात शिकले. आडनाव सांगत नाहीत. पण टाचण्या त्यांनी काढल्या नाहीत, कारण त्यांना या हॉलमध्ये येऊच दिलेलं नाही." आश्लेषा दाराकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "काकू, तुमचं आडनाव पागे ना?"

शुभाकाकू रडायलाच लागल्या. मामा धावला आणि त्याने त्यांना खुर्ची दिली.

"त्यांना काही करू नका हो," काकू म्हणाल्या. "तिथे सगळे त्यांना नवरा समजले. डॉक्टर म्हणाले, दोघांची खात्री नाही, ऑपरेशन करू का? हे म्हणाले, करा, बाईंना वाचवा. चोवीस वर्षांचा परका पोरगा, काय कळणार त्याला? मग बाहेर बसलेले असताना एक नर्स दुसरीला सांगत होती, बाळ गेलं म्हणून. हे तिथून उठून पळाले. आपण कोण होतो 'हो' म्हणणारे, माझ्यामुळे मूल गेलं, हेच आजवर धरून बसलेत. त्या तारखेला अन्न घेत नाहीत. 'मिस्टर पेज' अशी हाक आली तरी दचकतात. काल ही पाटी वाचली आणि महाराष्ट्राच्या तेवढ्या टाचण्या काढून ठेवल्या. वाटलं, या बाई जाब विचारायला आल्यात. आता या वयात ते त्यांना सोसवलं नसतं."

आश्लेषाने सगळं इंग्रजीत सांगितलं. मामाने उघडपणे नाक पुसलं.

"ते दुसऱ्या कोणाचं तरी बाळ," मार्थाबाई हळूच म्हणाल्या. "बिचारी कोण असेल ती! आणि हा एवढी वर्षं..."

"जाब नाही हो काकू," मामा म्हणाला. "आभार! आभार मानायला शोधतायत त्या! जा, आणा त्यांना. की मी आणू?"

काकू पदराने तोंड पुसत गेल्या. लॉरा आईजवळ आली. "मॉम, आय ॲम सॉरी," म्हणाली, आणि आईचा हात तिने दोन्ही हातांत धरला. मार्थाबाईंनी तिची बट कानामागे सारली, लहान मुलीची सारतात तशी.

अनिलकाका आले. काकूंनी वाटेत काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते दाराशीच थांबले.

मार्थाबाई जागच्या जागी उभ्या. इतकी वर्षं मनात घोळवलेलं भाषण होतं त्यांचं, त्यातला एक शब्द सुचेना. शेवटी त्यांनी लॉराला खांद्याला धरून पुढे केलं.

"मिस्टर पागे," त्या नीट, जपून म्हणाल्या. "ही माझी मुलगी. त्या दिवशी जन्मली."

काकांनी लॉराकडे पाहिलं. मग मार्थाबाईंकडे. परत लॉराकडे. लॉरा दोन पावलं पुढे गेली. तिने हात पुढे केला. काकांनी तो हातात घेतला नाही. त्यांनी तळवा तिच्या डोक्यावर ठेवला, पिकू लागलेल्या केसांवर, आणि मराठीतच म्हणाले,

"केवढी मोठी झालीस गं!"

आश्लेषाने याचं भाषांतर केलं नाही. लॉरा रडत रडत मान डोलावत होती.